मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल असल्याने ते चुकतं. गूगल अर्थमधल्या रूलरने मुंबई आणि हीथ्रो विमानतळ जोडा. साधारण 7,200 किलोमीटर येतील. आकडा 3,890 च्या आसपास दिसला, तर तो सागरी मैलांत आहे, 1.852 ने गुणा.

आता 7,200 भागिले विमानाचा वेग, ताशी 900 किलोमीटर, म्हणजे 8 तास. पण हा झाला निव्वळ हिशेब. चढण, उतरण आणि धावपट्टीपर्यंतची रांग यांचा अर्धा-पाऊण तास धरा. शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. बंद हवाई हद्दींना वळसा घालावा लागतो. जाताना पश्चिमेकडून येणारे जोरदार वारे समोरून लागतात, येताना तेच पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर उरकतो.

तिकिटावरून वेळ काढताना गफलत हमखास होते, कारण दोन्ही वेळा स्थानिक असतात. समजा, जूनमध्ये सुटायची वेळ 13:00, पोहोचायची 18:30. साडेपाच तास? छे! त्यात मुंबई आणि लंडनच्या घड्याळांतला साडेचार तासांचा फरक मिळवा: 10 तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा, एरवी साडेपाच. परतीला तो वजा करायचा. जानेवारीत 21:00 ला सुटून दुसऱ्या दिवशी 11:30 ला मुंबईत, म्हणजे साडेचौदा वजा साडेपाच, 9 तास. वेळेपुढचं बारीक ‘+1’ पाहिलं नाही, तर न्यायला येणारे एक दिवस आधीच विमानतळावर हजर!