चेतापेशी शिकताना या चुका टाळा

अकरावी-बारावीला मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवते. चेतासंस्थेच्या धड्यावरची उत्तरपत्रिका हातात घेतली की आत काय असणार हे आधीच कळतं, आणि दरवर्षी जीव तुटतो. मुलं हुशार असतात, पण घाई करतात.

सगळ्यात हट्टी चूक पंपाची, म्हणजे पेशीच्या पडद्यातून आयन (विद्युतभारित कण) आतबाहेर करणाऱ्या प्रथिनाची. ‘सोडियम आत आला, मग सोडियम-पोटॅशियम पंपाने तो बाहेर फेकला आणि पेशी पूर्ववत झाली.’ साफ चूक! आवेग, म्हणजे चेतापेशीतून धावणारा विद्युत संदेश, येतो तेव्हा सोडियमची चॅनल, म्हणजे पडद्यातली दारं, उघडतात, सोडियम आत घुसतो आणि पेशीच्या आतला विद्युतदाब उणे 70 मिलिव्होल्टवरून अधिक 30 च्या आसपास चढतो. लगेच ती दारं मिटतात, पोटॅशियमची उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि दाब खाली येतो. या उताराचं श्रेय पंपाला देऊ नका. तो तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, असा साठा मागे संथपणे राखत असतो.

एका चाचणीत मी विचारलं होतं, ‘पंप विषाने बंद पाडला, तर लगेचचा पुढचा आवेग जाईल का?’ अख्ख्या वर्गात एकानेही ‘हो’ लिहिलं नाही. पहिल्या बाकावरची मुलगी तर भांडायलाच आली, “मॅडम, व्हिडिओत पंपच दाखवलाय!” परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणीचा व्हिडिओ दीडपट वेगाने पाहून तिने धडा उरकला होता. मी तिला माकुळाची (समुद्रातल्या स्क्विडची) गोष्ट सांगितली. माकुळाचा महाअक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारा चेतापेशीचा लांब धागा, अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी त्याच्या आत इलेक्ट्रोड सरकवून दाब मोजला, 1952 मध्ये आयनांच्या ये-जाचं गणित मांडलं आणि 1963 चं नोबेल मिळवलं. अशा तंतूचा पंप बंद पाडला तरी हजारो आवेग जातात, कारण एका आवेगात हलणारे आयन साठ्याच्या मानाने नगण्य असतात. तरी तिला पटेना. मग म्हटलं, “मोटर बंद असताना तुमच्या घरी नळाला पाणी येतं की नाही?” ती थांबली. “गच्चीवरची टाकी भरलेली असेल तोवर येतं.” मोटर म्हणजे पंप, नळ म्हणजे चॅनल. तेव्हापासून मी आवेगाच्या आलेखाजवळ पंप काढूच देत नाही. वहीच्या कोपऱ्यात, वेगळ्या रंगाने काढायचा.

दुसरी चूक: दोन चेतापेशींमध्ये ‘ठिणगी उडते’. थेट विद्युत जोडण्या असतात, पण तिथे पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. नेहमीच्या सायनॅप्समध्ये, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यात, सुमारे 20 नॅनोमीटरची फट असते आणि ती रसायन ओलांडतं. शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयाकडे जाणारी व्हेगस चेता उद्दीपित करून ठोके मंदावले, भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, आणि तेही मंदावलं. तो पदार्थ म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन.

इथवर मुलं पाठ करतात, पण रसायन नंतर साफ व्हावं लागतं हे विसरतात. हे मी कधीच गाळू देत नाही. अ‍ॅसिटिलकोलिनचं विघटन करणारं विकर (एन्झाइम) मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं बंद पाडतात. मग संदेश थांबतच नाही: लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू आणि शेवटी श्वास कोंडणं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले. ज्यांच्या घरी फवारणीचा पंप आहे, त्या मुलांना हा परिच्छेद दोनदा वाचायला लावते.

बाकीच्या थोडक्यात. जोरात लागलं म्हणून आवेग मोठा होत नाही. जास्त वेळा येतो. आवेग तारेतल्या विजेसारखा धावत नाही: मायलिन (तंतूभोवतीचं चरबीयुक्त वेष्टण) असलेल्या जाड तंतूंत सेकंदाला 120 मीटरपर्यंत, मायलिन नसलेल्या बारीक तंतूंत जेमतेम एक-दोन मीटर. प्रत्येक रसायन पुढच्या पेशीला चेतवत नाही. गाबा नावाचं रसायन तिला सहसा रोखतं.

आणि उत्तरात ‘नस’ लिहू नका. ‘नस दबली’ म्हणताना आपण चेता म्हणतो आणि सुई टोचताना ‘नस सापडत नाही’ म्हणताना रक्तवाहिनी. माझ्या वर्गात चेता आणि शीर, हे दोनच शब्द चालतात.