वीर्यतपासणी: सॅम्पल नीट द्या, मगच रिपोर्ट वाचा

मूल राहत नसेल तर पुरुषाची वीर्यतपासणी अगदी सुरुवातीलाच करून घ्यावी. बायकोच्या सगळ्या तपासण्या संपेपर्यंत ती लांबवण्यात काहीच अर्थ नाही.

सॅम्पलआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळा. अंतर कमी पडलं तर संख्या घटते, फार वाढलं तर मेलेले शुक्राणू जास्त दिसतात. लघवी करून, हात आणि लिंग धुऊन कोरडं करा आणि हस्तमैथुनाने सगळं वीर्य लॅबने दिलेल्या डबीतच घ्या. थुंकी, तेल, साबण, नेहमीचा कंडोम यांतलं काहीही वापरू नका. शुक्राणूंना ते बाधतं. पहिले थेंब सांडले तर लाजू नका, सांगा. बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. सॅम्पल घरून न्यायचं असेल तर डबी कपड्यांच्या आत, अंगाच्या उबेत ठेवून अर्ध्या तासात पोचवा. तासापेक्षा उशीर नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीतल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिली, शुक्राणू मिलीमागे १.६ कोटी, हालचाल करणारे ४२ टक्के, एकूण शुक्राणूंपैकी पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. वर्षभरात ज्यांच्या बायकोला दिवस गेले, अशाच पुरुषांच्या तपासणीतून हे आकडे काढलेत आणि त्यांच्यातलेही ५ टक्के या रेषेखाली होते. म्हणून आकडा थोडा कमी आला म्हणजे वंध्यत्व, असं मुळीच नाही.

शुक्राणू शून्य, वीर्यही कमी आणि आम्लधर्मी असेल तर शुक्रवाहिनी जन्मतः नसण्याची किंवा पुढचा मार्ग बंद असण्याची शंका घ्यावी. मधुमेहात वीर्य उलटं मूत्राशयात जाऊ शकतं. स्खलनानंतरची लघवी तपासली की कळतं. वीर्य पुरेसं पण शुक्राणू शून्य, वृषण लहान आणि एफएसएच (वृषणाला शुक्राणू बनवायला सांगणारं मेंदूकडचं हार्मोन) वाढलेलं असेल तर बिघाड निर्मितीतच आहे. मग गुणसूत्रांची तपासणी लागते. उपचाराने सुधारू शकणारं नेहमीचं कारण म्हणजे व्हेरिकोसील, वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा. त्यासाठी डॉक्टरांनी रुग्णाला उभं करून तपासायला हवं, झोपवून तपासलं तर त्या नजरेतून सुटतात.

जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं विशेष घातक. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेश थांबतो आणि संख्या शून्यावरही येते. डॉक्टरांपासून हे लपवू नका.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे महिन्याभरापूर्वीचा सणसणीत तापही रिपोर्ट बिघडवतो. अशा वेळी तीन महिन्यांनी, आधीच्या स्खलनापासून पहिल्या वेळेइतक्याच दिवसांचं अंतर ठेवून, त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा.