कॉकटेल पोपटाला तुमचं निघणं आधी कसं कळतं?

चावी उचलायच्या आतच कॉकटेल (छोटा परदेशी पोपट) ओरडतो? वाटतं, तो आपलं मनच वाचतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. मोजे, कपाटाची कुरकुर, काही सुटत नाही.

पिंजऱ्याजवळ मोबाइल रेकॉर्डिंगला लावा. रोजच्यासारखी तयारी करा आणि चपला घातल्यावरच नाणं उडवा. आधी उडवलं तर आपलीच चाल बदलते. सगळा घोळ इथेच होतो. छापा आला तर निघा, काटा आला तर चपला काढून बसा. असं 20 दिवस. नाण्याआधीचं ओरडणं दोन्हीकडे सारखं निघालं, तर तो तयारी ओळखतो, मन नाही.

परतणं आधी कळतं का, ते वेगळं तपासा. रोजची वेळ आणि गाडीचा आवाज चुगली करतात, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत तर लाकडी जिनाही. त्यासाठी अवेळी, दुसऱ्याच्या स्कूटरवरून या.

(देशी पोपटावर नको, तो पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.)