अंदाजात ३४/१५ दिसलं की पुण्यात काय समजायचं

मी अकोल्याची. २०११ च्या फेब्रुवारीत नोकरीसाठी पुण्यात आले ती इथेच राहिले. आता दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत गावाकडून कोणाचं ना कोणाचं लेकरू इकडे येतं आणि फोन करतं, ताई मोबाईलवर रोज नुसता सूर्यच दिसतोय, आकाश निरभ्र, कमाल ३४ किमान १५, म्हणजे मस्तच आहे ना? हो, मस्तच आहे, मेमध्ये ४५ सोसलेल्या माणसाला तर स्वर्गच वाटतो. पण त्या दोन आकड्यांतला पहिलाच वाचून नवीन लोक आजारी पडतात, मी दर मार्चला बघते, म्हणून लिहितेय.

दोन्ही आकडे वाचा आणि मधलं अंतर बघा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, हवा कोरडी, वर ढग नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर गार होते आणि सकाळ-दुपारमध्ये अठरा-वीस डिग्रीचा फरक पडतो. सकाळी सातला कोथरूडवरून हिंजवडीला गाडीवर निघालात तर बोटं गारठतात आणि दुपारी दोनला त्याच रस्त्यावर डोकं तापतं. जॅकेट डिकीत राहू द्या, स्कार्फ आणि टोपीपण, आणि गोधडी पाडव्यापर्यंत तरी माळ्यावर टाकू नका.

दुसरं म्हणजे बातमीत "पुण्याचं तापमान" म्हणतात ते बहुतेक वेळा शिवाजीनगरचं असतं. तिथे हवामान खात्याचं जुनं ऑफिस आहे, १९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून इथे आलं म्हणून लोक अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, चौकाचं नावही तेच. पण तुमची खोली शिवाजीनगरला नाही ना! पाषाण, एनडीएकडे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) पहाटे चांगलीच थंडी असते आणि त्याच रात्री मगरपट्टा, कोरेगाव पार्कात पंखा लावून झोपतात, सगळीकडे सिमेंट, ते रात्रभर उष्णता सोडत बसतं. तेव्हा आपल्या घराजवळच्या ठिकाणाचा आकडा बघायची सवय लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घर. फेब्रुवारीत संध्याकाळी सातला फ्लॅट बघायला जाऊ नका, कृपा करून जाऊ नका. मी तसंच केलं होतं, वरचा मजला, खिडकीतून गार वारा, समोर टेकडी, लगेच डिपॉझिट देऊन टाकलं आणि एप्रिलमध्ये कळलं की दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक वाजेपर्यंत निवत नाही, गादीसुद्धा गरम लागायची. घर बघायचं तर दुपारी चारला, आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघायचा. पश्चिमेला खिडकी असेल तर मात्र लगेच नाही म्हणू नका, कारण उन्हाळ्यात संध्याकाळी पुण्यात जो वारा सुटतो तो घाटावरून, समुद्राकडूनच येतो, दुपारी जाड पडदा ओढून ठेवायचा आणि सहानंतर खिडकी सताड उघडायची, अर्ध्या तासात खोली बदलते. वरचाच मजला मिळाला तर मालकाला विचारून गच्चीवर चुना मारून घ्या, फरक पडतो. कूलर इथे छान चालतो कारण हवा कोरडी, फक्त खिडकी थोडी उघडी हवी, बंद खोलीत नुसता दमटपणा होतो.

कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो, आपल्याला वाटतं घामच येत नाही, आणि पाणी प्यायचं राहून जातं. लेकरांनो, दुपारची डोकेदुखी बहुतेक वेळा तीच असते. बाटली जवळ ठेवा, ताक, उसाचा रस, कैरी आली की पन्हं. नळाच्या पाण्याचंही आधीच विचारून ठेवा, शहराचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांवर आहे आणि दुरुस्तीसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असतं, तेव्हा बुधवारी रात्री पेपरात बघून बादल्या भरा. सोसायटीत टँकर लागतो का, हेही करार करायच्या आधी विचारा.

एवढं सांभाळलं की हे दिवस मनसोक्त जगा. पहाटे साडेसहाला वेताळ टेकडी किंवा तळजाईला जा, पानं गळालेल्या झाडांवर लाल फुलं आणि समोर सगळं शहर कोवळ्या उन्हात, अकोल्याची आठवण मला तिथेच पहिल्यांदा जरा कमी झाली. फक्त गवत वाळून कोळ झालेलं असतं, सिगारेटचं थोटूक टाकलं तरी वणवा लागतो आणि नुकती लावलेली रोपं जळून जातात, कोणी टाकताना दिसलं तर अडवा.

आणि एप्रिलमध्ये अंदाजातली भाषा बदलते त्यावर नजर ठेवा. "निरभ्र" जाऊन "दुपारनंतर ढगाळ, मेघगर्जनेसह पाऊस" असं दिसलं की सकाळी कितीही कडक ऊन असो, वाळवण गच्चीवर सोडून ऑफिसला जायचं नाही, आणि गाडी गुलमोहराखाली लावायची नाही, वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या कडाकड मोडतात.