लिनक्स अपग्रेड केलं आणि वायफाय गेलं? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर लुबुंटू, लिनक्स मिंटचं एक्सएफसीई रूप किंवा एमएक्स लिनक्स अशी लिनक्सची हलकी रूपं टाकून घेणारे लातूर-नांदेडकडेही दिसू लागलेत. क्लासची पोरं, सेवा केंद्र चालवणारे, जुन्या कॉम्प्युटरवर हिशोब ठेवणारे दुकानदार. पहिलं वर्ष मजेत जातं. मग एके दिवशी मोठं अपग्रेड येतं, होकार दिला जातो, आणि रीस्टार्टनंतर दोनांपैकी एक होतं: वायफायचं चिन्ह गायब, नाहीतर मशीन काळ्या पडद्यावर अडकलेलं. दुकानात नेलं की एकच उपाय मिळतो, फॉरमॅट.

बहुतेक वेळा त्याची गरज नसते. अपग्रेडमध्ये नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, येतो, पण जुना लगेच पुसला जात नाही. तो डिस्कवर तसाच असतो आणि त्यावरून मशीन चालू करता येतं. खालची सगळी दुरुस्ती त्या एका गोष्टीवर उभी आहे.

हाताशी काय हवं

अँड्रॉइड फोन आणि डेटा जाणारी यूएसबी केबल. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलवर काम होत नाही. शिवाय एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंटची लाइव्ह प्रत (पेनड्राइव्हवरूनच चालणारी) असू द्या.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, मोकळी जागा आणि आडव्या रेघा जशा दाखवल्या तशाच ठेवून. सुडो म्हणजे एस, यू, डी, ओ. एपीटी, डीपीकेजी हे सरळ अक्षरा-अक्षराने.

पहिली पायरी: जुन्या कर्नलवरून चालू करा

मशीन चालू करताच जुन्या बायॉसच्या लॅपटॉपवर शिफ्ट दाबून धरा. यूईएफआयचं (बायॉसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचं) मशीन असेल तर कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदा दाबा. जास्त वेळा दाबला तर 'ग्रब' (सिस्टिम निवडायचा मेनू दाखवणारा प्रोग्राम) असं लिहिलेली नुसती ओळ येते. तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा आणि मेनू येताना हात आवरा.

मेनूतल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये कर्नलची यादी दिसेल. सगळ्यात वरचा नवा. त्याच्या खालचा, 'रिकव्हरी मोड' न लिहिलेला, जुना निवडा.

आता काय होतं ते नीट बघा. जुन्यावर मशीनही चाललं आणि वायफायही आलं, तर कार्ड ठणठणीत आहे, नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तेवढा तयार झालेला नाही. मशीन चाललं पण वायफाय इथेही नाही, तर फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर), बटण किंवा सेटिंग तपासा. जुन्यावरही मशीन चालू होत नसेल तर अपग्रेडच अर्धवट राहिलंय किंवा डिस्कचा प्रश्न आहे.

एक पथ्य पाळा: नवा कर्नल नीट चालेपर्यंत 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा चालवू नका. ती जुने कर्नल काढते, आणि आता तुमचा आधार तोच आहे.

अपग्रेड चालू असताना लाईट गेली होती का?

आपल्याकडे हा प्रश्न आधी विचारावा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. डाउनलोड अर्धवट राहिलं तर काही बिघडत नाही, पुढच्या वेळी तिथून पुढे चालतं. पण पॅकेज उलगडून बसवलं जात असताना वीज गेली की सिस्टिम अधांतरी राहते. अशा वेळी:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

सुडो एपीटी अपडेट

सुडो एपीटी फुल-अपग्रेड

डेस्कटॉपपर्यंत पोचता येत नसेल तर मेनूतला 'रिकव्हरी मोड' घ्या. उबुंटू आणि मिंटच्या कुळात तिथे छोटी यादी येते, तिच्यातलं 'डीपीकेजी' तुटलेली पॅकेजं दुरुस्त करतं. डेबियन किंवा त्यावर बांधलेल्या एमएक्सवर यादी येत नाही, थेट रूटचा (मुख्य खात्याचा) पासवर्ड मागितला जातो आणि वरच्या आज्ञा हाताने द्याव्या लागतात.

'जागा शिल्लक नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर 'डीएफ -एच' देऊन बघा. बूटसाठीचा डिस्कचा भाग (विभाजन) वेगळा आणि लहान असेल तर तो जुन्या कर्नलांनी भरलेला असतो. तिथे सर्वांत जुना एखादा कर्नल पॅकेज मॅनेजरमधून काढा. ज्यावरून आत्ता चालू आहात तो मात्र नाही. तो कोणता हे 'यूनेम -आर' सांगतं.

पुढच्या वेळेसाठी: नेहमीच्या अपडेटमध्ये 'सुडो एपीटी फुल-अपग्रेड -डी' दिलं की फक्त डाउनलोड होतं. रोजचा डेटा पॅक पुरेल तसं दोन-तीन दिवसांत उतरवा आणि लाईट टिकेल अशा वेळी शेवटच्या 'डी'शिवाय तीच आज्ञा देऊन बसवा.

बूट अडतंय: पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा

लोक इथेच घाबरून बटण दाबून ठेवतात. वाचा, शक्य तर फोटो काढा. नेमका रोग त्या ओळींत लिहिलेला असतो.

'इनिटरॅमएफएस' असं कंसात लिहून मशीन थांबलं असेल तर वरच्या ओळींत डिस्कच्या भागाचं नाव शोधा, उदाहरणार्थ डेव्ह फोल्डरातला एसडीए२. मग 'एफएससीके -वाय' आणि पुढे ते नाव पूर्ण मार्गासह द्या, तपासणी संपली की 'एक्झिट'. वीज गेल्यानंतर एकदा असं होणं समजू शकतो. दर आठवड्याला होत असेल तर हार्ड डिस्क जायच्या मार्गावर आहे, दुरुस्ती नंतर, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढा.

'कर्नल पॅनिक' आणि त्यात 'अनेबल टू माउंट रूट' असेल तर नव्या कर्नलची सुरुवातीची फाइल बनलेलीच नसते. जुन्यावरून येऊन 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के' आणि पुढे नव्या कर्नलचा आवृत्ती-क्रमांक द्या, त्यानंतर 'सुडो अपडेट-ग्रब'.

मशीन दीड मिनिट थांबून मग पुढे जात असेल किंवा 'इमर्जन्सी मोड'वर अडकत असेल तर ते डिस्कच्या यादीतली एखादी नसलेली डिस्क शोधतंय. ही यादी म्हणजे ईटीसी फोल्डरातली एफस्टॅब फाइल. तिच्यात जुन्या स्वॅपची (रॅम कमी पडल्यावर वापरायच्या डिस्कच्या भागाची) किंवा काढून टाकलेल्या डिस्कची ओळ असते, त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका.

'ग्रब रेस्क्यू' आणि 'सिम्बॉल नॉट फाउंड' हा प्रकार हार्ड डिस्कची नक्कल एसएसडीवर करून घेतलेल्या लॅपटॉपवर हमखास भेटतो. ग्रबच्या नोंदीत जुन्या डिस्कची ओळख तशीच असते. अपग्रेडमध्ये ग्रबचे बाकी भाग नवे होतात, पण एसएसडीच्या सुरुवातीला लिहिलेला तुकडा जुनाच राहतो आणि दोघांचं जमत नाही. मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करा, मेनूत 'बूट रिपेअर' मिळेल, त्यातली शिफारस केलेली दुरुस्ती निवडा. मशीन जुन्या बायॉसचं असेल तर नंतर 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' देऊन योग्य डिस्कवर खूण करा, नाहीतर पुढच्या अपग्रेडला पुन्हा तेच.

नुसता काळा पडदा असेल तर ग्रब मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतलं 'क्वाएट स्प्लॅश' पुसून 'नोमोडसेट' लिहा, एफ१० दाबा. हा बदल एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करा.

मेनूतून विंडोज गायब झालं असेल तर ते पुसलं गेलेलं नाही. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. ईटीसी, डीफॉल्ट, ग्रब या फाइलमध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ लिहा आणि अपडेट-ग्रब चालवा. बरोबरच्या चिन्हाअलीकडचे शब्द कॅपिटलमध्ये, पलीकडचा छोट्या अक्षरांत.

जुन्या डेस्कटॉपवर मधेच तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की पॅकेजच्या याद्या 'अजून वैध नाहीत' म्हणून नाकारल्या जातात, आणि माणूस इंटरनेटला दोष देत बसतो.

आता वायफाय

दुरुस्तीला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटच गेलेलं असतं. म्हणून फोन केबलने जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टिथरिंग (फोनचं इंटरनेट केबलने कॉम्प्युटरला देणं) चालू करा. लिनक्सला त्यासाठी सहसा वेगळं काही बसवावं लागत नाही.

मग 'आरएफकिल लिस्ट'. 'हार्ड ब्लॉक्ड' समोर येस असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएन जोडकळ दाबा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' असेल तर 'सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल'. निम्म्या तक्रारी इथे मिटाव्यात असं वाटतं, पण तसं होत नाही. पुढे चला.

'एलएसपीसीआय -एनएनके' दिलं की कार्डाचं नाव आणि त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ येते. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर बसलेला नाही. यूएसबी डोंगल असेल तर 'एलएसयूएसबी'.

ब्रॉडकॉम, विशेषतः बीसीएम४३१३ किंवा ४३१४२, सगळ्यात जास्त रडवतं. त्याचा 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर कर्नलचा भाग नाही. प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस नावाची व्यवस्था तो नव्याने बांधते, आणि त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. हेडर नसले की बांधणी निमूट फसते. 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये नव्या कर्नलसमोर 'इन्स्टॉल्ड' नसेल तर रोग सापडला. आधी नव्या कर्नलवरून चालू करा, मग:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर)

सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स

दुसरी आज्ञा उबुंटू-मिंटसाठी. डेबियन आणि एमएक्सवर पॅकेजचं नाव 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस'. आज्ञा नको असतील तर मिंटमधला 'ड्रायव्हर मॅनेजर' हेच काम करतो.

रिअलटेकची गोष्ट उलटी. आरटीएल८८२१सीई सारख्या कार्डांचा ड्रायव्हर आता कर्नलमध्ये आतच येतो. कधीकाळी बाहेरून आणून बसवलेला असेल तर तोच आडवा येतो, काढून टाका. एचपीच्या काही लॅपटॉपमधल्या आरटीएल८७२३बीईला वायफाय दिसतं, पण राउटरच्या उशाशी बसल्यावरच. कार्डाला अँटेना एकच जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसरीकडे ऐकत बसतो. ईटीसीतल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात '.कॉन्फ'ने संपणारी नवी फाइल करून तिच्यात एक ओळ लिहा:

ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=१

रीस्टार्ट करूनही फरक नसेल तर १ ऐवजी २. 'अँट' म्हणजे ए, एन, टी.

डेबियन ११ वरून १२ वर आलेल्यांसाठी वेगळी खबर. १२ पासून फर्मवेअर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या स्वतंत्र विभागात हलवलंय. ईटीसी, एपीटी मधल्या सोर्सेस यादीत हा शब्द जोडला नाही तर फर्मवेअर जुनंच राहतं. 'सुडो डीमेसेज' (डी, एम, ई, एस, जी) च्या उत्तरात फर्मवेअर सापडलं नाही अशी ओळ दिसली की हेच समजा.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी बायॉसमधली सोय) चालू असेल तर बाहेरून बांधलेला ड्रायव्हर सही नसल्यामुळे रोखला जातो. ड्रायव्हर बसवताना सिस्टिम एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. तो थोडाच वेळ थांबतो. बहुतेक जण घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात आणि काम तिथेच राहतं. 'एनरोल एमओके' निवडा, होकार द्या, तोच पासवर्ड टाका. संधी हुकली तर 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की' उबुंटूच्या कुळात पुन्हा विचारतं. बायॉसमधून सिक्युअर बूट बंद करण्याचा मार्गही आहे, पण शेजारी विंडोज बिटलॉकरसह (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी जवळ ठेवा.

वायफाय जोडलं जातं आणि मिनिटामिनिटाला तुटतं? ईटीसी, नेटवर्कमॅनेजर, कॉन्फ.डी मधली डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ फाइल उघडा, ३ चा २ करा. वीजबचत बंद होते.

सगळं ठीक, फक्त फोनचा हॉटस्पॉट दिसत नाही, असं असेल तर लिनक्सचा दोष नाही. जुन्या कार्डांना २.४ गिगाहर्ट्झच कळतं आणि नवे फोन हॉटस्पॉट ५ वर लावून बसतात. फोनमध्ये बँड बदला.

नव्या कर्नलवर दोन-चार दिवस सुरळीत गेले की 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' चालवायला हरकत नाही. वायफाय दुरुस्त झालं असं जाहीर करण्याआधी मात्र फोनची केबल काढा. टिथरिंग चालू असेल तर वेबसाइट उघडणारच.