शाळा व्यवस्थापन समितीत निवडून आलात? मग या चुका टाळा

"भाऊ, एवढी सही करा, उद्या साहेब येणारेत." पालक सदस्य म्हणून माझी पहिली बैठक आमच्या ओट्यावरच उरकली. वहीत सात ठराव 'सर्वानुमते मंजूर' होते आणि एकाचा सूचक चक्क मी होतो!

सही आधी आणि सभा नंतर, ही सगळ्यात मोठी चूक. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 ने समितीला शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवायला, विकास आराखडा करायला आणि अनुदान कुठे खर्च होतं ते बघायला सांगितलं आहे. यातलं काहीही केल्याचा पुरावा म्हणजे ती इतिवृत्ताची वही. ठराव वाचल्याशिवाय सही करू नका. शेवटच्या ठरावाखाली कोरी जागा उरली असेल तर आडवी रेघ मारा. पटलं नाही तर तसं लिहून घ्या. नुसतं चहा पिताना बोललेलं कुठेच राहत नाही.

दुसरी चूक आराखड्याची. मागच्या वर्षीचा काढायचा, साल बदलायचं, झालं! कलम 22 नुसार शासनाचं नियोजन आणि अनुदान याच आराखड्याच्या आधारे व्हायचं असतं, म्हणून 'शाळेत सुविधा द्याव्यात' असलं मोघम वाक्य काही कामाचं नाही. हिशोब मांडा. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, 61 पासून 90 पर्यंत तीन. पट 64 आणि गुरुजी दोनच असतील, तर तेच आकडे आराखड्यात लिहा. मुलांना आणि मुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, कुंपण हेही अनुसूचीतच आहे. तिथे बोट ठेवून मागितलं की 'बघू' म्हणणाऱ्यालाही कागदावर उत्तर द्यावं लागतं.

काही अध्यक्षांना पद मिळालं की आपण गुरुजींचे साहेब झालो असं वाटतं. वर्गात शिरून मुलांसमोर झापणं, 'तुमची बदलीच करतो' म्हणणं हा आपला अधिकार नाही. गुरुजी उशिरा येतात? तारखा टिपा, बैठकीत विषय घ्या, मग केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या. दुसरी बाजूही बघा: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावायला कलम 27 ने मनाई आहे. तिथे समितीने शिक्षकांच्या बाजूने ठराव करावा.

अनुदानित किंवा अल्पसंख्याक शाळेत असाल तर एवढा जोर लावू नका. 2012 च्या दुरुस्तीनंतर तिथली समिती फक्त सल्ला देते. खासगी विनाअनुदानित शाळेला तर समितीचं कलम 21 लागूच नाही.

राहिली बायकांची गोष्ट. सदस्यांत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. यादीत त्या असतात, खुर्चीवर मात्र त्यांचे मालक बसतात. आम्हीही आधी बायकांनाच नावं ठेवली. मग लक्षात आलं, बैठक सकाळी अकराला. तेव्हा त्या निंदणीला गेलेल्या! वेळ संध्याकाळी सातची केली तशा चौघी आल्या. त्यातल्या एकीने पहिल्याच बैठकीत सांगितलं, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडीच नाही, पोरी जोडीने जातात आणि एक बाहेर दार धरून उभी राहते. आम्ही पुरुष सदस्य वर्षभर त्याच दारावरून जात होतो.