मेनूचा कप्पा मिटू नये म्हणून

वेबसाइटच्या साइडबारमधल्या मेनूत ‘प्रवेश’ कप्पा उघडून ‘शुल्क परतावा’वर टिचकी मारली, की नवं पान येतं आणि सगळे कप्पे पुन्हा मिटलेले. मग शेजारची लिंक हवी असली तर शोधाशोध पहिल्यापासून. वापरणाऱ्याला हे फार जाचतं, आणि उपाय अगदी छोटा आहे. जावास्क्रिप्टचीही गरज नाही.

१. प्रत्येक कप्पा एचटीएमएलच्या ‘डिटेल्स’ टॅगमध्ये आणि त्याचं शीर्षक ‘समरी’मध्ये ठेवा. टॅब आणि एंटरने उघडझाप आपोआप होते.

२. सर्व्हरवर पान तयार होतानाच, चालू पानाची लिंक ज्या कप्प्यात आहे त्याच्या ‘डिटेल्स’ टॅगला ‘ओपन’ (open) हा गुणधर्म लावा. खरं काम या एका शब्दाचं.

३. एका वेळी एकच कप्पा उघडा हवा असेल तर सगळ्या ‘डिटेल्स’ना ‘नेम’ (name) हा गुणधर्म सारख्याच नावाने द्या. क्रोम १२०, सफारी १७.२ आणि फायरफॉक्स १३० पासून हे चालतं. जुन्या ब्राउझरमध्ये कप्पे स्वतंत्रपणे उघडतात, बिघडत काही नाही.

‘समरी’च्या आत लिंक मात्र ठेवू नका. मोबाइलवर कप्पा उघडायला जावं आणि पानच बदलावं, असं होतं.